अडीच महिन्यांच्या बाळाच्या शीमध्ये रक्त, मला दूध बंद सांगितलंय. मदत हवी आहे

पहिलंच बाळ आहे, प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

लेक फक्त अंगावर पिते. पंधरा दिवसांपूर्वी दुपट्यावर शेंबडासारखी चिकट, हिरवट शी दिसली आणि तिच्यात शिवणाच्या दोऱ्याएवढी लाल रेघ. आधी वाटलं, दुपट्याचाच रंग गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गालांवर खरखरीत चट्टे आधीपासून होते, त्यांचं खापर आम्ही मालिशवाल्या मावशींच्या पिठावर फोडलं होतं. वजन छान वाढतंय, ताप नाही.

डॉक्टरांनी तपासलं, चीर वगैरे नाही. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असावी म्हणाले. मी जे दूध पिते, त्यातली प्रथिनं थोडीफार माझ्या दुधात उतरतात. पाजणं सुरूच ठेवायचं, पण मी दुधाचं सगळं 2 ते 4 आठवडे बंद करायचं. ही उशिरा उमटणारी अ‍ॅलर्जी रक्ततपासणीत बहुधा सापडत नाही. म्हणून फरक पडला की मी पुन्हा दूध घेऊन बघायचं, त्रास परतला तर नक्की.

पण माझा अख्खा खुराकच दुधावर! शतावरी कल्प दुधातून, अळिवाची खीर, तुपातले डिंकाचे लाडू, रात्री खारकेचं दूध. सासूबाईंनी मायेने केलंय हो सगळं. नको म्हटलं की, "दूध प्यायल्याशिवाय दूध येतं का गं?" आता त्यांचा तोडगा, शेळीचं घे. शेजारच्या काकू म्हणतात, लॅक्टोज-फ्री आण. तूपसुद्धा बंद करायचं का? आज सहावा दिवस, काल परत एक लाल ठिपका दिसला. धीर सुटतोय.

प्रतिसाद १
माझ्या मुलाला हेच होतं. शेळी-म्हशीचं नको, प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना तोच त्रास होतो. लॅक्टोज ही साखर, तिचा इथे संबंध नाही. ती आईच्या दुधातही भरपूर असते. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो, मी तेवढे दिवस तेही सोडलं. सहा दिवस फार कमी आहेत, आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात शी स्वच्छ झाली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, नुसत्या नाचणी-तिळावर विसंबू नका. आणि अळिवाचे लाडू करायला सांगा ना! नारळपाण्यात भिजवलेले अळीव, ओलं खोबरं, गूळ. थेंबभर दूध लागत नाही. सासूबाईंचा रुसवाही जाईल. बिस्किटं, टोस्ट, ब्रेडच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन.

प्रतिसाद २
एक लक्षात ठेवा. बाळाला कधी वरचं दूध दिल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर तो प्रकार वेगळा. घरी प्रयोग नाही, थेट दवाखाना. माझ्या भाचीला तसं होतं, तिला पुन्हा दूध डॉक्टरांसमोरच दिलं. आता पाच वर्षांची आहे, श्रीखंड ओरपते.

मूळ प्रश्नकर्ती
टोस्टचा पुडा आत्ता उलटा करून बघितला. मिल्क सॉलिड्स. रोज कोऱ्या चहाबरोबर दोन खात होते मी! म्हणजे सहावा कसला, उद्या पहिला दिवस. सासूबाईंनी नारळ फोडायला घेतलाय.