केळीची राख आणि तळणीचं तेल: घरचं डिझेल परवडेल का?

रावेरकर: घड उतरवला की आमच्याकडे केळीचं खोड बांधावर पडून राहतं. वाळवून जाळलं तर राखेत पोटॅश भरपूर. आसामात केळीची अशीच राख पाण्यात गाळून ‘कोलाखार’ करतात, तो स्वयंपाकात पडतो. तीच राख, तळणीचं तेल आणि मिथेनॉल यांचं बायोडिझेल होतं. तेल आणि मिथेनॉल यांची क्रिया घडवायला एरवी कॉस्टिक, म्हणजे तीव्र क्षार, घालतात; ते काम राख करते. मग कॉस्टिक विकत कशाला? जळगाव पट्ट्यात गावोगाव छोटी युनिटं निघायला हवीत.

फरसाणवाला: राखेचं नंतर बघू, आधी तेल दाखवा! टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे पुन्हापुन्हा तळून तेलात साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की तेल टाकायचं, हा नियम २०१८ चा. असं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी जमा करायची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षीची. पण गाडीवाला टाकतोय कुठे? कढईत रोज नवं ओततो, जुनं त्यातच मुरतं.

केमिस्ट्रीवाली: आणि जे मिळतं ते आंबलेलं. फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे तेल बिघडलं की त्यातून सुटणारं आम्ल, दोनेक टक्क्यांच्या पुढे गेलं की राख काय, कॉस्टिक काय, साबणच होतो. कॉलेजात भज्यांचं तेल घेऊन बसलो होतो. वर पिवळं डिझेल, खाली घट्ट ग्लिसरीन असे दोन थर पडायला हवेत. आमच्या बरणीत मधोमध दह्यासारखा तिसराच थर! धुवायला गेलो तर नुसता फेस. शिवाय राख फुकट म्हणता, पण ती भट्टीत कित्येक शे अंशांवर भाजावी लागते. पोटॅशियम झिरपून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जोर उतरतो.

रावेरकर: दुसऱ्यांदा वापरायचीच कशाला? शेतात टाका, पोटॅशच आहे.

केमिस्ट्रीवाली: मिथेनॉलने भिजलेली? ते विष आहे दादा. ६५ अंशांच्या आतच उकळतं, उजेडात ज्योत दिसतसुद्धा नाही. गावोगाव तर अजिबात नको.

रावेरकर: बरं, गावोगाव नको, हे मान्य. पण तयार प्रकल्पाला आम्ही राख पुरवली तर? तेल आंबलेलं असेल तर आधी वेगळं ॲसिड घालून त्यातलं फ्री फॅटी ॲसिड उतरवता येतं, हे तुम्हीही नाकारणार नाही.

केमिस्ट्रीवाली: येतं. खर्च वाढतो. आणि कॉस्टिक लागतंच किती, तेलाच्या टक्काभर. राखेने वाचवून वाचवणार काय?

फरसाणवाला: तेच म्हणतोय. योजनेचा माणूस माझ्याकडे दोन-दोन महिने फिरकत नाही. साबणवाला दर सोमवारी येतो, डबा उचलतो, रोख देतो. तुमचा राखवाला त्याच्यापेक्षा किलोमागे रुपया जास्त देणार का, तेवढं बोला.