जर्मनीत आडनाव वाचूनच घर नाकारलं तर?

मुलुंडकर: मुंबईतून जर्मनीला जाणाऱ्या मुलांना घर शोधताना नावावरूनच नकार मिळतो. हे सिद्ध कसं करायचं? आणि तिथले लोक याला वंशभेद म्हणायला का बिचकतात?

कायदेवाचक: 2006 चा समान वागणुकीचा कायदा भाड्याच्या घरांनाही लागू आहे. भरपाईचा दावा दोन महिन्यांत करायचा, आणि लेखीच करा. अनेकांचं इथेच फसतं, चौकशी करण्यात मुदत निघून जाते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, अर्जाची तारीख, नकाराचा मेल जपून ठेवा. मग तेवढाच पगार आणि तेवढीच माणसं दाखवून जर्मन नावाने दुसरा अर्ज करा. त्याला घर पाहायला बोलावलं, तर कलम 22 प्रमाणे भेदभाव झाला नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. फोनवरचा नकार सिद्ध करणं अवघड जातं.

मुलुंडकर: मालक त्याच आवारात राहत असेल तर?

कायदेवाचक: मग अवघड. तिथे मालकाला कायद्यातून सूट आहे.

बर्लिनवाचन: बिचकण्याचं कारण नाझी काळ. 'वंश' शब्द त्या राजवटीशी जोडला गेला, म्हणून बरीच वर्षं 'परकीयद्वेष' म्हणायची रीत पडली. त्यात मोठा अन्याय आहे, कारण तिथेच जन्मलेला तुर्की वंशाचा माणूसही परका ठरतो! 1961 च्या कराराने तुर्की कामगार आले ते 'पाहुणे' म्हणून, म्हणजे परत जाणारे समजूनच. बाहेरून आलेल्यांना भाषा आणि कायदा-इतिहास शिकवणारे सरकारी एकात्मता वर्ग सुरू झाले थेट 2005 मध्ये.