येऊर-तुंगारेश्वरच्या रानात हिमालयातल्या अळंब्या का दिसत नाहीत? आणि नोंद कशी ठेवावी?

कारवीचं_रान
बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि तुंगारेश्वर इथल्या पावसाळी निसर्गफेऱ्यांसाठी भूछत्रांची यादी करायची आहे, जून ते ऑक्टोबर. मिळणारी बरीचशी माहितीपुस्तकं हिमालय किंवा युरोप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. त्यांत रसुला, बोलीटस, अमानिटा या भूछत्रांच्या गटांची पानंच्या पानं. इथे सागाखाली, ऐनाखाली ही मंडळी जवळपास नसतातच. उंची आणि थंडी नाही म्हणून का?

आणखी तीन गोष्टी. न उपटता, नुसत्या फोटोवरून ओळख कुठवर पटते? बीजाणूंचा ठसा घ्यायला ठेवला की मुंबईच्या दमट हवेत कागद ओला होतो आणि छत्री सडते, त्याला काय करावं? आणि वारुळावरची अळंबी व सोसायटीच्या लॉनवर उगवणारी मोठी पांढरी छत्री यांतला फरक नवख्यांना कसा सांगावा?

मुळांखाली
थंडीचा वाटा आहे, पण खरं कारण झाडांत आहे. तुम्ही नावं घेतलेले तिन्ही गट झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात. त्यांचं कवकजाल (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) मुळांच्या टोकांवर मोज्यासारखं आवरण चढवतं, झाडाला पाणी आणि फॉस्फरस पुरवतं आणि बदल्यात साखर घेतं. हे नातं ठरावीक झाडांशीच जुळतं. हिमालयात देवदार, चीड, बांज ओक आणि फर ही सगळी त्या नात्यातली झाडं, म्हणून तिथे पाऊस पडला की जमिनीतून छत्र्यांची रांग लागते.

आपल्याकडचे साग, ऐन, किंजळ, कुडा, बांबू दुसऱ्या प्रकारच्या बुरशीशी जोडलेले असतात. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि बीजाणू मातीतच करते. तिला छत्री येतच नाही. म्हणजे येऊरच्या मातीत भागीदारी भरपूर चालू आहे, फक्त वरून दिसत नाही.

फक्त थंडीमुळे नाही हे पडताळायचं असेल तर झारखंड-छत्तीसगडच्या सालवनांकडे बघा. उन्हाळ्यात भाजून निघणारा प्रदेश, तरी पहिल्या पावसात साल वृक्षाखाली रुगडा, बोडा (मातीतली गोल अळंबी) टोपल्यांनी निघतो, कारण साल पहिल्या प्रकारचं झाड. केरळ-कर्नाटकच्या घाटात सालाच्याच कुळातली धूपासारखी झाडं आहेत, तिथेही हे नातं सापडतं.

मुंबईच्या आसपास एक अपवाद लक्षात ठेवा. निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत पिसोलिथस दिसू शकतो: मातीतून अर्धवट वर आलेला ओबडधोबड तपकिरी गोळा, फोडला तर आत वाटाण्याएवढ्या कप्प्यांची जाळी आणि वरच्या बाजूला तपकिरी भुकटी. तो दिसला की आधी मान वर करून आजूबाजूची झाडं बघा.

तुमच्या यादीतला पहिला रकाना म्हणूनच 'कशावर उगवलंय' हा हवा. छत्रीचा रंग त्यानंतर.

ओला_ओंडका
वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. त्यातूनच पुढचं निघतं: आपलं रान कुजवणाऱ्यांचं रान आहे. त्यामुळे 'लाकडावर' एवढंच लिहून भागत नाही. उभं झाड की पडलेलं, साल शाबूत की गळालेली, फांदी बोटाएवढी की ओंडका मांडीएवढा, हे सगळं लिहा. लाकूड पांढुरकं, तंतुमय, स्पंजासारखं झालं असेल तर ती लिग्निनही (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) पचवणारी बुरशी. तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत असेल तर तिने सेल्युलोज (लाकडातले तंतू) खाल्लंय आणि लिग्निन मागे ठेवलंय. रुंद पानांच्या झाडांवर पहिला प्रकार जास्त भेटतो.

सुरुवातीला ही मंडळी ओळखायला सोपी: शायझोफायलम (करड्या केसाळ पंख्याखाली मधोमध चिरलेल्या गिल्स, म्हणजे छत्रीखालच्या पात्या), ऑरिक्युलेरिया (ओला असताना कानाच्या पाळीसारखा), शेंदरी-लाल पिक्नोपोरस, षटकोनी छिद्रांचा हेक्झागोनिया, कोळशाच्या गोळ्यासारखा डाल्डिनिया (कापला की आत वर्तुळं), काळ्या बोटांसारखी झायलेरिया. काटक्यांवर कुकेइनाचे गुलाबी-केशरी पेले. पालापाचोळ्यात मॅरास्मियस, केसाएवढ्या देठाचे. उघडीप पडली की ते आक्रसून दिसेनासे होतात आणि सर आली की पुन्हा उमलतात, म्हणून कोरड्या दिवशी केलेली यादी त्यांच्या बाबतीत हमखास खोटी ठरते.

एका फेरीत संपूर्ण रान पिंजण्यापेक्षा पायवाटेचा १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा आणि दर १० ते १५ दिवसांनी तोच बघा. कॉप्रिनेलस या नाजूक छत्र्यांचे थवे एक-दोन दिवसांत विरघळतात, तर लाकडासारखा कडक गॅनोडर्मा उन्हाळ्यातही खोडावर असतो. दोघांची गणना एका मापाने करता येत नाही. आणि गॅनोडर्माला डोळे झाकून 'ल्युसिडम' लिहू नका. ते नाव मुळात युरोपातल्या प्रजातीचं आहे. 'गॅनोडर्मा, प्रजाती अनिश्चित' ही नोंद जास्त मोलाची.

कारवी (सह्याद्रीतलं झुडूप) ७-८ वर्षांनी एकदम फुलते आणि मग अख्खे उतार मरतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात वाळक्या कारवीचा रकाना वेगळाच ठेवा. एका वयाचं, एका जातीचं एवढं लाकूड एकदम कुजायला मिळण्याची संधी वरचेवर येत नाही.

ठसेवाली
फोटो आणि ठसा, दोन्हींबद्दल.

फोटो पाच हवेत: वरून, बाजूने, गिल्सचा, देठाच्या बुंध्याचा आणि आजूबाजूच्या झाड-पाचोळ्याचा. गिल्ससाठी छत्री उपटायची गरज नाही, खिशातला छोटा आरसा खाली सरकवा. शेजारी सहा इंची पट्टी ठेवा. एवढं असलं तर बहुतेक वेळा वंशापर्यंत (जवळच्या प्रजातींच्या गटापर्यंत) पोचता येतं. बारीक तपकिरी छत्र्या आणि लाकडावर चिकटलेले पापुद्रे मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटत नाहीत. तिथे थांबणंच प्रामाणिकपणाचं.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे. ठशाचा सराव सोसायटीच्या आवारात, रस्त्याकडेच्या पडलेल्या गुलमोहरावर करा.

आणताना प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. सर्वांत सोयीचा मसाल्याचा डबा: प्रत्येक वाटीत टिश्यूचा तुकडा आणि एकेक नमुना, म्हणजे एकाचे बीजाणू दुसऱ्यावर पडत नाहीत.

ठशासाठी पूर्ण उघडलेली पण बुळबुळीत न झालेली छत्री घ्या. देठ गिल्सच्या पातळीला कापा. कागदाऐवजी काचेची पट्टी किंवा ॲल्युमिनियम फॉइल वापरा. कागद पाणी ओढतो, तिथेच तुमचं बिघडतंय. वरून स्टीलची वाटी पालथी घाला, पण एका बाजूला काडेपेटीची काडी सरकवून फट ठेवा. वाटी घट्ट बसली तर आत पाणी सुटतं आणि बीजाणूंचा चिखल होतो. उलट एसीच्या खोलीत छत्रीच्या कडा वळतात, तिथे छत्रीच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब द्या. ४ ते ६ तासांनी डोकावून बघा, १२ तासांवर ठेवू नका. त्यानंतर आतल्या अळ्या बाहेर येऊन ठसा फिसकटतात.

मग अर्धा तास पंख्याखाली वाळवा. काच आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात रंग बघा. पातळ ठसा खऱ्या रंगापेक्षा फिकट भासतो, म्हणून थर जाड हवा. पूर्ण नमुना जपायचा असेल तर ४० ते ४५ अंशांवर, खेळत्या हवेत, वाकवल्यावर कडकन मोडेपर्यंत वाळवा आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. ओव्हनची जास्त उष्णता नमुना शिजवते.

वारूळ
वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी पाचोळा चावून त्याचे मधपोळ्यासारखे गठ्ठे वारुळात रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि वाळवी तिच्यावर जगते. म्हणूनच ही अळंबी धिंगरीसारखी (ऑयस्टर मशरूम) पेंढ्यावर पिकवता येत नाही. ओळख: छत्रीच्या मधोमध टोकदार बोंड, देठाला जमिनीत खोल जाणारं लांब मूळ, ठसा फिकट गुलाबी. याच वंशातली मायक्रोकार्पस ही चिमुकली प्रजाती शेकड्यांनी उगवते आणि तिला मूळ नसतं, कारण वाळवीने गठ्ठेच वर आणून टाकलेले असतात.

लॉनवरची पांढरी छत्री बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. माथ्यावर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, बुंधा फुगीर, मूळ नाही. ठसा मळकट हिरवा. सापळा इथे आहे: कोवळेपणी तिच्याही गिल्स पांढऱ्या असतात, हिरवट छटा उशिरा येते. खाल्ली तर साधारण १ ते ३ तासांत जोरदार उलट्या-जुलाब.

'आपल्याकडे अमानिटा फारशी नाही, मग जीवघेणं काही नाही' असा अर्थ वरच्या चर्चेतून कुणी काढू नये. यकृत निकामी करणारं अमाटॉक्सिन हे विष लेपिओटा वंशातल्या काही छोट्या छत्र्यांतही असतं आणि लेपिओटाला झाडाची भागीदारी लागत नाही, पाचोळा पुरतो. त्याची लक्षणं ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत जातं. शिजवून ते नष्ट होत नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण निळी होणं, किड्यांनी खाल्लेली असणं, यातली एकही कसोटी खरी नाही. फेरीत हे स्पष्ट शब्दांत सांगाच. कुणी खाल्लीच असेल तर खाल्ल्याची वेळ लिहून, उरलेला कच्चा तुकडा कागदात गुंडाळून लगेच रुग्णालयात न्या, लक्षणांची वाट बघू नका.

कारवीचं_रान
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. रकाने बदलते. एक राहिलं: भीमाशंकरच्या रानासारखं रात्री चमकणारं लाकूड बघायचं तर काय तयारी लागते?

ओला_ओंडका
आधी वनविभागाची रात्रीची परवानगी, तिच्याशिवाय नको. छत्र्या शोधू नका; उजेड बहुतेक वेळा पाचोळ्यातल्या ओल्या काटक्यांत मुरलेल्या कवकजालाचा असतो, फिकट हिरवा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. सगळ्या बॅटऱ्या आणि मोबाइल बंद करून २० ते ३० मिनिटं बसा, त्याआधी डोळ्यांना काही दिसणार नाही. कुणी एकाने मोबाइलचा पडदा उजळला की सगळ्यांची वेळ पुन्हा शून्यापासून. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ ३२००, एफ २.८, ३० सेकंदांपासून सुरुवात करून काही मिनिटांपर्यंत वाढवा. फोकस बॅटरीच्या उजेडात आधीच लावून ठेवा. लाकूड वाळलं की उजेड मंदावतो, म्हणून तीन-चार दिवस उघडीप असेल तर ओढ्याकाठची लाकडं बघा.