सुडोवुडो हे नाव जपानी आहे का?

हिरवी_कुंडी:
पोकेमॉनमधला १८५ नंबरचा सुडोवुडो. नाव ऐकलं की सुडोकू आठवतं. दोन्हींचा काही संबंध आहे का? आणि अख्खं झाड दिसत असूनही तो 'ग्रास'ऐवजी 'रॉक' प्रकारात कसा? शिवाय 'क्रिस्टल' या गेममध्ये रूट ३६ वर तो वाट अडवून उभा आहे, पण त्याच्यावर पाणी घालून त्याला हटवायला लागणारी झारी गोल्डनरॉड शहरातल्या फुलांच्या दुकानात मिळत नाहीये.

शब्दवेल:
संबंध नाही. सुडोकूत 'सू' म्हणजे अंक आणि 'डोकू' म्हणजे एकटा. सुडोवुडो हे इंग्रजी आवृत्तीसाठी घडवलेलं नाव: 'स्यूडो' म्हणजे खोटा, 'वुड' म्हणजे लाकूड, आणि यमक जुळावं म्हणून शेवटी 'डो'. आपल्याकडे छद्मवृक्ष म्हणता येईल.

मूळ जपानी नाव 'उसोक्की', आणि ते जास्त सुरेख आहे. 'उसो' म्हणजे खोटं, 'की' म्हणजे झाड. त्यातच 'उसोत्सुकी', म्हणजे खोटारडा, हा रोजच्या बोलण्यातला शब्द लपलेला आहे. म्हणजे खोटं झाड आणि थापाड्या, दोन्ही एकाच नावात. जर्मनमध्ये तो 'मोगेलबाउम': 'मोगेल्न' म्हणजे खेळात रडीचा डाव खेळणं, 'बाउम' म्हणजे झाड. फ्रेंच 'सिम्युलार्ब्र' म्हणजे झाडाचं सोंग.

प्रकाराचं उत्तरही याच सोंगात आहे. त्याचं शरीर वनस्पतीपेक्षा दगडाच्या जवळचं आहे, असं 'गोल्ड' गेममधला पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनची माहितीवही, सांगतो. 'रूबी' गेममध्ये तर त्याची चोरी कशी पकडली जाते तेही दिलंय: हात बारा महिने हिरवे राहतात, त्यामुळे हिवाळ्यात तो लगेच ओळखू येतो.

रूट_छत्तीस:
झारीसाठी क्रम पाळावा लागतो. आधी रूट ३६ वर त्या झाडाजवळ उभ्या असलेल्या फ्लोरियाशी बोला, मग ती दुकानात परतते. तिथे तिच्याशी पुन्हा बोला. त्यानंतर तिच्या बहिणीशी बोला, पण तोवर गोल्डनरॉडची जिम लीडर व्हिटनी हिला हरवून तिचा प्लेन बॅज मिळवलेला हवा. यातली एक पायरी जरी राहिली तरी झारी हाती येत नाही. झारीचा आकार स्क्वर्टलचा, म्हणून इंग्रजी नाव 'स्क्वर्टबॉटल'.

पाणी घालण्याआधी गेम सेव्ह करा. लेव्हल २० चा हा सुडोवुडो एकच आहे. हरला किंवा तुम्ही पळालात, तरी तिथून कायमचा जातो. झाड समजून आगीचे हल्ले करू नका, रॉकवर ते निम्मेच लागतात. पाणी, ग्रास, फायटिंग, ग्राउंड हे दुप्पट लागतात, त्यामुळे पकडायचा असेल तर तेही जपून. आणि त्याचा एचपी, म्हणजे जीव, अगदी तळाला नेऊन रेंगाळू नका: त्याच्याकडे 'फ्लेल' हा हल्ला आहे, आणि जीव जितका कमी तितका त्याचा फटका मोठा.

हिरवी_कुंडी:
फ्लोरियाशी बोलणंच राहिलं होतं. झारी मिळाली, आभार. सुडोवुडोचं बाळरूप असलेल्या बोन्स्लीचं नावही असंच आहे का?

शब्दवेल:
हो, आणि जपानीत तिथेही दुहेरी खेळ आहे. 'उसोहाची': 'हाची' म्हणजे कुंडी, पण 'हाची' म्हणजे आठही. 'उसो हाप्याकू', शब्दशः खोट्या आठशे, हा धडधडीत थापांसाठीचा जपानी वाक्प्रचार. इंग्रजी नावात बोन्साय सरळ दिसतो.

'डायमंड' आणि 'पर्ल' या गेममध्ये तो लेव्हल १७ ला 'मिमिक' ही चाल शिकतो आणि ती चाल येत असताना लेव्हल वाढली की सुडोवुडो होतो. चार चाली भरल्यात म्हणून मिमिक नाकारली की तो बोन्स्लीच राहतो. त्या गेममध्ये अंड्यातून बोन्स्ली हवा असेल तर सुडोवुडोच्या हाती 'रॉक इन्सेन्स' ही वस्तू द्या, नाहीतर अंड्यातून थेट सुडोवुडो निघतो.