पहिला कॅमेरा: दोन लेन्सचा किट घेऊ का?

ठाकुर्लीकर:
नमस्कार मंडळी. आजवर सगळे फोटो मोबाइलवर काढले. आता कॅमेरा घ्यायचाय. बजेट ४०,००० रुपये, बॅग-कार्ड धरून. मला माणसं टिपायची आहेत: पहाटेचं दादरचं फुलमार्केट, गणपतीत लालबाग. दुकानदार १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्सचा किट घ्या म्हणतोय.

गिरगावकर:
७०-३०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स, शिवडीच्या फ्लेमिंगोंसाठी ठीक. फुलमार्केटात माणूस हाताच्या अंतरावर असतो, तिथे ती बाहेरच निघणार नाही. तुमची अडचण वेगळी आहे, उजेडाची. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. १८-५५ लेन्स ५५ मिमीला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन धावणारा हमाल पहाटे पाचला हलला नाही पाहिजे ना फोटोत? मग पैसे तिथे घाला.

फोर्टात बोरा बाजारात जा. सेकंडहँड निकॉन डी५६०० ही डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) बघा आणि तिच्यावर ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स लेन्स. एक मात्र पक्कं: या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स स्वस्तात पुढे करतील, या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस लिहिलेलीच घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

घेताना लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तशीच परत द्या. एक फोटो काढून शटर काउंटही, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, तपासून घ्या.

सायनची_प्राची:
आता मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा जमाना आहे, डीएसएलआर कशाला?

गिरगावकर:
प्राचीताई, पैसे असते तर मीही तेच म्हणालो असतो. ४० हजारांत मिररलेस बॉडी घेतली की चांगल्या लेन्सला काही उरत नाही, आणि यांना अंधारातच काम करायचंय.

ठाकुर्लीकर:
खूप आभार दादा. शनिवारी जातो. पावसाळ्यात ठेवायचा कसा?

गिरगावकर:
कपाटात, चामड्याच्या बॅगेत अजिबात नको. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि वापरत राहा, न वापरता पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

फुलमार्केटात पहिल्या दिवशी कॅमेरा काढायची घाई करू नका. फुलं घ्या, बोला, विचारून मग फोटो काढा. ती त्यांची धंद्याची वेळ असते, वाटेत उभं राहिलं की नुकसान त्यांचं होतं.