अनुभव धागा: माळ्यावरचा व्हॉल्व अँप पहिल्यांदा चालू करताना तुम्ही काय करता?

मंडळी, मामांचा स्टिरिओ व्हॉल्व अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेचे व्हॉल्व असलेला अॅम्प्लिफायर) शेवटी माझ्याकडे आलाय. चार ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व), दोन ईसीसी८३ (त्याआधी सिग्नल वाढवणारे), रेक्टिफायरपण (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्वचाच. जवळजवळ वीस वर्षं माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. हात शिवशिवतायत पण प्लग लावलेला नाही, कारण मागच्या वर्षी एक जुना रेडिओ असाच आणला आणि सरळ बोर्डात खुपसला, दहा मिनिटं मस्त चालला, मग घूं आवाज वाढत गेला आणि करपट वास आला, बंद करेपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधलं डांबर वितळून टेबलावर ओघळलं होतं. रिवाइंड करून घ्यायला तीन महिने गेले. ही चूक मामांच्या अँपशी करायची नाहीये. तुमचे अनुभव लिहा प्लीज, चुकलेले पण.

— — —

तीस वर्षं रेडिओ रिपेरिंग केलंय, म्हणून सांगतो. सिरीज बोर्डाशिवाय जुना सेट लावायचाच नाही. फेजच्या वायरमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजला घ्या (एलईडी चालत नाही), मग आत पूर्ण शॉर्ट असला तरी साधारण पाव अँपिअरच्या वर करंट जाणार नाही, बल्ब फक्त फुल पेटेल. आधी रेक्टिफायर व्हॉल्व काढून ठेवा म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर आणि हीटर (व्हॉल्वला आतून तापवणारी तार) तपासले जातात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. आणि स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर ८ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावा. लोडशिवाय सिग्नल दिला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्वकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज इतकं चढतं की आतलं इन्सुलेशन फुटतं आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही हो.

— — —

काकांचं शंभर टक्के पटतं, फक्त कपॅसिटरबद्दल लिहितो. बरेच जण म्हणतात व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवा म्हणजे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपोआप सुधारतात. व्हॉल्व रेक्टिफायर असेल तर तसं होत नाही. हीटर पुरेसा तापेपर्यंत तो करंटच देत नाही, त्यामुळे खालच्या व्होल्टेजला कपॅसिटरपर्यंत काही पोचत नाही आणि मग एकदम दोन-अडीचशे व्होल्ट आदळतात. मी कपॅसिटर सोडवून वेगळ्या सप्लायवर ४७के (४७ हजार ओहम) रेझिस्टरमधून चार्ज करतो आणि मीटर त्या रेझिस्टरवरच लावून बसतो. आतला ऑक्साइडचा थर परत धरायला लागला की तिथलं व्होल्टेज उतरत जातं. दोन-तीन तासांत उतरलं नाही तर कपॅसिटर गेलाच समजा.

दुसरं म्हणजे कपलिंग कपॅसिटर (एका व्हॉल्वचा सिग्नल पुढच्याला देणारे आणि डीसी अडवणारे), जुने मेणाचे कागदी असतील तर न तपासता बदला. माझ्याकडे एक लीक होता, ईएल८४ च्या ग्रिडवर (सिग्नल जिथे देतात त्या जाळीवर) शून्याच्या जागी चार व्होल्ट पॉझिटिव्ह येत होते. खोलीतला दिवा मालवला तेव्हा दिसलं, करड्या प्लेटच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग आणि तो हळूहळू पसरतोय. तसं दिसलं की विचार करत बसू नका, बटण बंद.

— — —

मी इंग्लंडमध्ये असते, लेस्टरला. इथे जुने सेट बरे मिळतात आणि मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो तो आधी बघा, माझा आधीच्या मालकाने २०० वर ठेवलेला आणि आमच्या घरात मोजलं तर २४३.

पण मला लिहायचंय ते शॉकबद्दल. प्लग काढला होता! काढून दोन मिनिटं झाली म्हणून निर्धास्त होते, कपॅसिटरच्या टॅगला बोट लागलं आणि खांद्यापर्यंत हात बधिर, कोपर मागे कपाटावर आपटलं, रात्रभर झोप नाही. साडेतीनशे व्होल्ट तसेच साठून होते. तेव्हापासून क्लिपवाला १०के ५ वॅटचा रेझिस्टर आधी लावते आणि मीटर दहाच्या खाली दाखवेपर्यंत आत हात नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा, त्याने कपॅसिटरही खराब होतो. चालू अँपमध्ये मोजायचंच असेल तर डावा हात पाठीमागे, म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून वाट मिळत नाही.

— — —

ताई, वाचूनच काटा आला. आमच्याकडे वेगळंच, लोडशेडिंग. व्हॉल्वचा प्रीअँप (सिग्नल आधी थोडा वाढवणारा) आणि त्याच्यापुढे स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप. एकदा लाईट गेली, सगळी बटणं चालूच राहिली, मी शेतावर. लाईट आली तेव्हा प्रीअँप गरम होताना आउटपुटला जो धक्का देतो तो थेट वूफरला गेला, कॉइल फ्रेममधून बाहेर आली होती. आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की लाईट गेली की पहिलं बटण बंद करायचं. रोज प्रीअँप आधी, एक मिनिट थांबून पॉवर अँप, आणि बंद करताना पॉवर अँप आधी. रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज २५५ ला जातं, म्हणजे ६.३ चा हीटर ७ वर, त्यामुळे स्टॅबिलायझर पण घेतला.

— — —

एक राहिलं. ट्रान्सफॉर्मर नसलेले छोटे एसी-डीसी रेडिओ असतात ना, त्यांची चासी (आतला धातूचा सांगाडा) सरळ मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर फेज. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडू नका आणि ऑडिओची वायर काढून हायफायला तर अजिबात जोडू नका.

— — —

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणले, बोर्ड घरीच केला, थ्री-पिन लावून अर्थिंगपण तपासलं. रेक्टिफायर काढून, स्पीकरच्या जागी रेझिस्टर लावून बटण दाबलं. बल्ब एकदम लख्ख, आणि मग उतरत उतरत नारिंगी तारेवर येऊन थांबला. अर्ध्या मिनिटाने ईसीसी८३ च्या आत बारीकशी लाली दिसली, चारही ईएल८४ मागोमाग. आई बाजूला उभी होती, म्हणाली दादा रविवारी हाच लावायचा. रेक्टिफायर अजून डबीतच आहे, आधी कपलिंग कपॅसिटर बदलतो, ग्रिडचं व्होल्टेज मोजतो आणि इथेच लिहितो.