आबांच्या पोटातली महाधमनी फुगलीय, ओपन ऑपरेशन करायचं की स्टेंट?

कागलची_लेक
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय ६७, साखर कारखान्यातनं रिटायर झालेत, शुगर आहे, बिडी आयुष्यभर ओढली आता सोडली म्हणतात (आई म्हणते गोठ्यात जाऊन ओढतात). पाठीत आणि पोटात डावीकडं दुखायला लागलं म्हणून मुतखडा असेल असं धरून कोल्हापुरात राजारामपुरीत सोनोग्राफी केली तर खडा नाहीच, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय असं निघालं. मग सीटी अँजिओ केली. रिपोर्टमध्ये अ‍ॅन्युरिझम ५.२ सेमी, सॅक्युलर, किडनीच्या धमन्यांच्या अगदी लगत, बाजूला फॅट स्ट्रँडिंग असं लिहिलंय. इथल्या एका डॉक्टरांनी ओपन ऑपरेशन सांगितलं, दुसरे म्हणाले, धमनीच्या आतनं कापड-धातूची नळी घालतात तो स्टेंट, किडनीच्या धमन्यांसाठी खिडक्या ठेवलेला स्पेशल, बसतो. दोघंही म्हणतात पुणे नाहीतर मुंबई गाठा.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. भाऊ म्हणतो स्टेंटच, पोट फाडायचं नाही. चुलते म्हणतात या वयात काहीच नको, आहे तसं राहू दे. आबा स्वतः म्हणतात ऊस जाऊ दे मग बघू. त्यांचं वजन पण उतरलंय आणि मधनंमधनं ताप येतो पण तो पावसाचा असेल. कुणाच्या घरी असलं काही झालंय का? काय केलंत?

रंकाळा_वॉकर
ताई, आधी घाबरू नका. माझ्या सासऱ्यांना हेच होतं, त्यांना जांघेतनं स्टेंट घातला, चार दिवसांत घरी आले आणि लगेच मटणाची फर्माईश. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना तसं असतं हे. नॉर्मल महाधमनी पोटात साधारण २ सेमी असते, ३ च्या वर गेली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये ५.५ झाल्यावर, बायकांमध्ये ५ झाल्यावर ऑपरेशनचं बघतात, त्याच्या आत असेल तर ठराविक महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायचं. आबांचं ५.२ आहे म्हणजे टाईम आहे असं मला वाटतं.

आईनस्टाईनला पण हाच आजार होता बरं का. १९४८ साली सर्जननं पोट उघडून फुग्याभोवती चक्क सेलोफेन गुंडाळलं, तेव्हा दुसरं काही हातात नव्हतं. पुढं तो माणूस सात वर्षं जगला, १९५५ ला फुगा फुटला आणि तेव्हा त्यानं ऑपरेशनला नाही म्हणून सांगितलं. आता पॉलिस्टरची नळी काय, स्टेंट काय, सगळं मिळतंय. शांतपणे घ्या.

तात्या_मंगळवारपेठ
पोरी, लै टेन्शन घेऊ नगंस. आमच्या वळखीत गारगोटीकडं एक वैद्य हाईत, काढा देत्यात, गाठ असू दे न्हाईतर फुगा, विरघळतोय. ऑपरेशनवाले सगळे पैशाचे मागं.

रंकाळा_वॉकर
तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे पण रक्तवाहिनीची भिंत पातळ झालीय, ती काढ्यानं विरघळली तर माणूस जागेवर जाईल. राहू द्या ते.

पुण्यातला_कोल्हापुरी
मी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीत काम करतो, मूळ कसबा बावड्याचा. पेशंट न बघता सल्ला द्यायला आवडत नाही, पण ही पोस्ट वाचून गप्प बसवेना.

रंकाळावाल्या दादांनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत, पण ते सगळ्या बाजूंनी सारख्या फुगलेल्या, काहीही त्रास नसलेल्या अ‍ॅन्युरिझमचे आहेत. ताई, तुमच्या आबांचं तसं दिसत नाही. एक तर सॅक्युलर, म्हणजे एकाच बाजूला पिशवीसारखा बाहेर आलेला. तो कमी साईजला पण भरवशाचा नसतो. दुसरं म्हणजे दुखतंय. अ‍ॅन्युरिझम दुखायला लागला की ५.५ ची वाट बघायची नसते. आणि तिसरं तुम्ही जाताजाता लिहिलंय, ताप आणि वजन. शुगरचा पेशंट, ताप, वजन उतरलेलं, सॅक्युलर फुगवटा आणि सीटीत बाजूची चरबी सुजल्यासारखी, हे सगळं एकत्र आलं की आमच्या डोक्यात पहिलं येतं इन्फेक्शन. रक्तातनं जंतू जाऊन धमनीच्या भिंतीत बसतात, आधीच बिडीनं खराब झालेली भिंत त्यांना बरी सापडते, आणि ते ती भिंत आतनं खातात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नाहीतर साल्मोनेला, आपल्याकडं टीबी पण विसरून चालत नाही. असेलच असं मी म्हणत नाही, पण ओपन की स्टेंट हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

मला हे सांगा: ताप कधीपासनं, थंडी वाजून येतो का, त्याआधी जुलाब किंवा टायफॉईड काही झालं होतं का, पायाला जखम आहे का, आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी, कुणी पाठवलीय का? ईएसआर, सीआरपी (अंगात सूज-इन्फेक्शन आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) असेल तर ते पण.

कागलची_लेक
सर, वाचून हातपाय गार पडले. दिवाळीच्या आधी आबांना जोरात जुलाब झाले होते, शेजारच्या गावातल्या एका लग्नात जेवून आल्यावर, बऱ्याच जणांना झाले होते. मग गावातच सलाईन आणि इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं. त्यानंतरच ताप सुरू झालाय, संध्याकाळी येतो, थंडी वाजते, गोळी घेतली की उतरतो. सीआरपी ९६ आहे, फाईलमध्ये आत्ता बघितलं, कुणी काही बोललं नव्हतं. कल्चर केलेलं नाही. मग आता स्टेंट नको का?

पुण्यातला_कोल्हापुरी
सीआरपी तेवढं असेल तर थांबू नका, ऊस जाईपर्यंत तर अजिबात नाही. उद्या सकाळीच कोल्हापुरात फिजिशियनना दाखवा, हे सगळं जसंच्या तसं सांगा. महत्त्वाची गोष्ट, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, ते पण वेगवेगळ्या जागेवरनं दोन-तीन सेट. गावात परत कुणी ‘पॉवरफुल इंजेक्शन’ टोचलं तर कल्चरमध्ये काही उगवणार नाही आणि मग आम्ही अंधारात औषध देत बसणार.

आता तुमचा प्रश्न. स्टेंट म्हणजे बाहेरनं आणलेलं कापड आणि धातू. जंतू असलेल्या जागी ते ठेवलं की जंतूंना घर मिळतं. तरी फुटायला आलेल्या पेशंटला जीव वाचवायला कधीकधी स्टेंट घालतात आणि पुढं लांब अँटिबायोटिक देतात, काही जणांना आयुष्यभर. म्हणजे स्टेंट नकोच असं नाही, पण ‘पोट फाडायचं नाही’ हे त्याचं कारण नसावं. आणि किडनीच्या धमन्या मध्ये येतात म्हणून साधा स्टेंट बसणार नाही, खिडक्यावाला लागेल. तो पेशंटच्या सीटीच्या मापानं ऑर्डर देऊन बनवतात, यायला कित्येक आठवडे जातात. दुखणाऱ्या, ताप असलेल्या फुगवट्याला तेवढा दम असेलच असं नाही.

ओपनमध्ये सडलेली भिंत सगळी काढून टाकतात, आजूबाजूचा खराब भाग पण साफ करतात. मग मधे नळी कशाची घालायची हा खरा डोकं खाणारा भाग. प्लॅस्टिकच्या नळीला परत जंतू धरायची भीती, म्हणून पेशंटच्याच मांडीतली खोल शीर काढून वापरतात, किंवा गाई-बैलाच्या हृदयावरच्या पडद्याचा तुकडा शिवून नळी करतात, काही ठिकाणी मृत दात्याची धमनी मिळते. पॉलिस्टरची नळी रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवून पण वापरतात. आणि वरनं ओमेंटम, म्हणजे आतड्यावरचा चरबीचा पडदा, नळीभोवती गुंडाळतात. त्याला रक्तपुरवठा भरपूर, तो जंतूंशी लढतो आणि नळी आतड्याला घासू देत नाही. नळी आतड्याला घासून भोक पडलं तर पुढं रक्ताच्या उलट्या होऊन पेशंट येतो, ते आमच्या कामातलं सगळ्यात वाईट ऑपरेशन.

किडनीच्या वर क्लॅम्प, म्हणजे धमनी दाबून बंद करायचा चिमटा, लावावा लागला तर तेवढा वेळ किडन्यांचं रक्त बंद, साधारण अर्ध्या तासाच्या आत ते शिवणकाम उरकायचं असतं, जास्त लागणार असेल तर किडनीत थंड सलाईन सोडतात. म्हणून सर्जन चांगला एवढ्यानं भागत नाही. अ‍ॅनेस्थेशियावाले असली ऑपरेशनं नेहमी देणारे पाहिजेत, ब्लड बँक, डायलिसिस, आयसीयू, इन्फेक्शनचे डॉक्टर सगळं एका छपराखाली पाहिजे. तिथं गेल्यावर सरळ विचारा, किडनीच्या वर क्लॅम्प लावून केलेली ऑपरेशनं वर्षाला किती होतात, आणि इन्फेक्टेड असेल तर नळी कशाची घालणार. राग आला तर येऊ दे.

सीटीचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. माप सगळं त्यातल्या फोटोंवर निघतं. मध्ये कुठंही एकदम जोरात पाठ-पोट दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर खडा समजून गोळी देत बसू नका, १०८ ला फोन आणि जवळचं मोठं हॉस्पिटल.

केशरी_कार्ड
खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या आईच्या हृदयाच्या ऑपरेशनला हे सगळं केलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हॉस्पिटल योजनेत पाहिजे आणि तुमचं ऑपरेशन त्यांच्या पॅकेजच्या यादीत पाहिजे. हॉस्पिटलात योजनेची माणसं, आरोग्यमित्र, बसतात, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच त्यांना भेटा, स्टेंट किंवा नळी पॅकेजमध्ये धरलीय की वेगळी, हे स्पष्ट विचारा, कारण खरा खर्च तिथंच असतो. दुसरं, ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, कायदाच आहे तसा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, कागलमधनं तो आजच काढायला टाका, रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघा. आमचं ‘पांडुरंग’ आणि ‘पांडूरंग’वरनं अडलं होतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज पण होतो, हॉस्पिटलकडनं खर्चाचं पत्र घ्यायचं.

तात्या_मंगळवारपेठ
डॉक्टरसायेब बराबर बोलत्यात. काढ्याचं ऱ्हाऊ दे पोरी. रक्त लागलं तर सांग, तालमीतली पोरं हाईत, बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, म्हणशील ते.

कागलची_लेक
सगळ्यांचे आभार. अपडेट देते. आबांना काल इथं अ‍ॅडमिट केलं, तीन जागेवरनं कल्चर घेतलं आणि मग अँटिबायोटिक शिरेतनं सुरू केलं. आज फोन आला, कल्चरमध्ये साल्मोनेला वाढतोय असं प्राथमिक म्हणतायत, कुठलं औषध लागू पडतं ते दोन दिवसांत कळेल. चुलते ऐकून गप्प झाले, भाऊ अजून मोबाईलवर स्टेंटचे व्हिडिओ बघतोय. पुण्याला बेड मिळतोय. एकच विचारायचं राहिलं, कारनं नेलं तर चालेल का? हायवेचं काम चालूय, लै दणके बसतात.

पुण्यातला_कोल्हापुरी
कारनं नको, कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सनं आणा, सोबत डॉक्टर असू दे आणि बीपी वर जाऊ देऊ नका, ते दणक्यांपेक्षा महत्त्वाचं. निघताना तिथल्या डॉक्टरांना पुण्याच्या टीमशी फोनवर बोलायला लावा, कल्चरचा नंबर आणि लॅबचा फोन लिहून घ्या म्हणजे रिपोर्ट इकडं थेट मागवता येईल. आणि तुमच्या भावाची पण पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्या. आबांचं इन्फेक्शन त्याला येणार नाही, पण धमनीची भिंत मुळातच कमजोर असणं घराण्यात चालू शकतं, आणि बिडी तो पण ओढत असेल तर आत्ताच बोला.

कागलची_लेक
ओढतो. गोठ्यातच.